जुन्या स्पोर्टी गाडीचा ढिला गियर लिव्हर: शॉर्ट शिफ्टर टाकण्याआधी काय तपासायचं

सोलापुरात जुन्या, पळणाऱ्या गाड्यांवर जीव असलेली माणसं बरीच आहेत. कुणाकडे एस्टीम, कुणाकडे होंडा सिटीची जुनी व्हीटेक, कुणाकडे पॅलिओ १.६ नाहीतर आयकॉन. वीस-पंचवीस वर्षांनंतरही या गाड्यांची इंजिनं खणखणीत वाजतात, पण गियर टाकण्यातला नेमकेपणा गेलेला असतो. मग मालक आधीच ठरवून येतो, "दादा, शॉर्ट शिफ्टर टाकायचाय." शॉर्ट शिफ्टर म्हणजे हाताच्या कमी हालचालीत गियर टाकणारा लिव्हर. अशा जुन्या गाड्यांखाली मी पुन्हापुन्हा झोपलोय. दोष बहुतेक वेळा लिव्हरमध्येही नसतो आणि गियरबॉक्समध्येही नसतो. तो या दोघांच्या मधल्या सांध्यांमध्ये असतो, आणि नवा लिव्हर बसवून तो जात नाही. म्हणून क्रम सांगतो: आधी प्ले, म्हणजे सांध्यांतला ढिलेपणा, काढा, मग थ्रो, म्हणजे गियर टाकताना लिव्हरची होणारी हालचाल, कमी करायचा की नाही ते ठरवा.

लक्षणं नीट ओळखा

गाडी गियरमध्ये असताना लिव्हर हलत्या दातासारखा डुलतो. तिसरा टाकायला गेलं की हात पाचव्याकडे जातो. न्यूट्रलमध्ये लिव्हर मधोमध उभा न राहता एका बाजूला कलतो. हे सगळं एका गटातलं आहे. सांध्यातल्या रबर-प्लास्टिकच्या नळ्या म्हणजे बुश, लिव्हर आणि गियरबॉक्स जोडणाऱ्या लिंकेजचे सांधे किंवा लिव्हर मध्यावर आणणारी स्प्रिंग, यांतलं काहीतरी गेलेलं असतं.

दुसरा गट वेगळा. गाडी उभी आहे, क्लच पूर्ण दाबलाय, तरी रिव्हर्स टाकताना खर्र आवाज येतो किंवा पहिला पडतच नाही. इंजिन बंद केलं की मात्र तेच गियर सहज पडतात. इथे गियरबॉक्सला दोष देऊ नका, क्लच सुटत नाहीये, म्हणजे पॅडल दाबूनही इंजिन गियरबॉक्सपासून वेगळं होत नाहीये.

एकच गियर घासत असेल, बहुधा दुसरा, आणि बाकीचे ठीक असतील, तर संशय गियरचा वेग जुळवणाऱ्या आतल्या सिंक्रो रिंगवर जातो. ॲक्सिलेटर सोडल्यावर किंवा उतारावर गियर आपोआप सुटत असेल, तर इंजिनचं फाउंडेशन म्हणजे त्याला धरून ठेवणारी रबरी बैठक, अर्धवट बसणारं लिंकेज किंवा झिजलेले दात, तिन्ही शक्यता असतात.

आणखी एक खूण गाडी गरम की थंड याची. सकाळी पहिले काही किलोमीटर लिव्हर जड आणि नंतर मोकळा, तर गियर ऑइल बघा. सकाळी ठीक आणि मे महिन्याच्या दुपारी सात रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर जड, तर क्लच बघा. तपासणीआधी एका कागदावर लिहून ठेवा: कोणता गियर, गाडी उभी की चालती, गरम की थंड. गॅरेजला जायची वेळ आली तर हा कागद मेकॅनिकचा अर्धा दिवस वाचवतो.

गाडीत बसूनच होणाऱ्या तपासण्या

पहिली तपासणी पायाशी. क्लच पॅडलखाली मॅट किती आहेत ते बघा. कंपनीची मॅट, तिच्यावर रबरी मॅट आणि वर धुळीसाठी तिसरी, असं आपल्याकडे सर्रास असतं. क्लच पूर्ण सुटतो तो पॅडलच्या शेवटच्या टप्प्यात, आणि नेमका तोच टप्पा मॅट खाऊन टाकते. सगळ्या मॅट काढून रिव्हर्स टाकून बघा. फरक पडला तर काम इथेच संपलं.

मग नॉब धरून फिरवा. नॉबचे आटे गेलेले असले तर तो लिव्हरवर डुलतो आणि हाताला सगळं लिंकेज ढिलं वाटतं. लिव्हरभोवतीचं रेक्झिनचं कव्हर बदललेलं असेल तर ते पाचव्या किंवा रिव्हर्सला ताणलं जातंय का पाहा. बाहेरून बसवलेला आर्मरेस्ट दुसऱ्या-चौथ्याच्या आड येत नाही ना, तेही बघा. लिव्हर शेवटपर्यंत गेला नाही तर गियर अर्धवट बसतो, आणि अर्धवट बसलेला गियर सुटतो.

आता सगळ्यात महत्त्वाची चाचणी, तीही फुकट. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवा. क्लच दाबून पाचही गियर आणि रिव्हर्स टाकून बघा. एखादा पडला नाही तर हँडब्रेक सोडून गाडी हाताने किंचित पुढे-मागे ढकलून परत बघा, कारण कधीकधी दातावर दात येतो. मग इंजिन चालू करून तेच करा. इंजिन बंद असतानाही लिव्हर जड किंवा अडखळत असेल तर दोष लिव्हर ते गियरबॉक्स या वाटेवर आहे. फक्त इंजिन चालू असतानाच त्रास होत असेल तर क्लचकडे वळा. एवढ्या चाचणीने निम्मं काम होतं, आणि तरी ती न करताच गियरबॉक्स उतरवलेल्या गाड्या बघायला मिळतात, याचं वाईट वाटतं.

क्लच

एस्टीम आणि झेनला क्लचची केबल असते. केबलच्या आतली तार उसवत जाते, बाहेरची नळी एखाद्या वळणावर दबते आणि पॅडल जड होतं. हँडबुकमध्ये दिलेला फ्री प्ले, म्हणजे पॅडलची सुरुवातीची रिकामी हालचाल, मोजा आणि जुळवा. जुळवूनही थोड्याच दिवसांत बिघडत असेल तर केबल बदला. ती महाग नसते आणि त्यानंतर पुढचे सगळे निष्कर्ष भरवशाचे होतात.

केबलऐवजी फ्लुइडवर चालणारा हायड्रॉलिक क्लच असेल तर आधी टाकीतल्या फ्लुइडची पातळी आणि रंग बघा. मग गियरबॉक्सकडच्या, क्लच ढकलणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरचं रबरी टोपण जरा मागे सारून आत ओल आहे का पाहा. ओल असेल तर सील गेलंय. हे फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं. ताज्या डॉट-३ फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, पाणी शोषलेल्याचा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. म्हणून दुपारच्या उन्हात आणि ट्रॅफिकमध्ये पॅडल मऊ पडतं. फ्लुइड बदलून हवा काढणं हे घरी दोघांनी होणारं काम आहे, फक्त ते रंगावर सांडू देऊ नका, रंग सोलून काढतं.

क्लच खरंच सुटतोय का हे असं बघा: न्यूट्रलमध्ये इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबा, तीन-चार सेकंद थांबा आणि मग हळूच रिव्हर्स टाका. बऱ्याच जुन्या गियरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे तो खोटं बोलत नाही. एवढं थांबूनही घासला तर क्लच ओढतोय, म्हणजे पूर्ण सुटत नाहीये.

खाली उतरून बघणं

इथे दोन माणसं लागतात. एक आत बसून लिव्हर हलवणार, दुसरा खालून बघणार. इंजिन बंद आणि सायलेन्सर थंड हवा. गाडी फक्त जॅकवर उचलून खाली जाऊ नका. स्टँड लावा, मागच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. स्टँड नसतील तर वॉशिंग सेंटरवाल्याला सांगून रॅम्पवर गाडी चढवा. खालून धुऊनही होते आणि सांधे स्वच्छ दिसतात.

एस्टीम, झेन आणि जुनी सिटी यांच्यात लिव्हरपासून गियरबॉक्सपर्यंत रॉड जातो, आणि सोबत लिव्हरची बैठक धरून ठेवणारा दुसरा रॉड असतो. वरच्या माणसाला लिव्हर सावकाश हलवायला सांगा आणि एकेक सांधा पाहत पुढे जा. ज्या सांध्याच्या अलीकडे हालचाल आहे आणि पलीकडे नाही, तिथे प्ले आहे. बोट लावलं की न दिसणारा प्लेही कळतो. बोल्ट सैल असेल तर तो आवळून आधी बघा. केबलच्या गाड्यांमध्ये केबलच्या टोकाची प्लास्टिकची वाटी तडकलेली असते, तीही अशीच सापडते. जिप्सी किंवा १९८९ मध्ये आलेली माझदा एमएक्स-५ यांच्यासारख्या गाड्यांत लिव्हर थेट गियरबॉक्सच्या डोक्यावर बसतो. तिथे लांब रॉड नाही, लिव्हरच्या गोळ्याखालची बैठक आणि रबरी बूट एवढंच बघायचं असतं. बूट फाटलेला असेल तर गियरबॉक्सची उष्णता आणि आवाज थेट गाडीत येतात.

सुतभर प्लेने हातात एवढा डुलणारा लिव्हर कसा होतो? हिशोब बघा. समजा टेकूच्या वर लिव्हरची लांबी २४० मिलिमीटर आणि खाली ४० मिलिमीटर आहे. म्हणजे सहाला एक. खालच्या टोकाला गियर टाकायला १० मिलिमीटर सरकायचं असेल तर नॉब ६० मिलिमीटर सरकतो. आता बुशमध्ये २ मिलिमीटरचा प्ले आला. नॉबवर तो १२ मिलिमीटर होऊन येतो, म्हणजे हालचालीचा पाचवा हिस्सा वायाच गेला.

आता त्याच गाडीत शॉर्ट शिफ्टर टाकू, खालची बाजू ५० मिलिमीटरची. प्रमाण ४.८ वर आलं. थ्रो ६० वरून ४८ मिलिमीटर झाला, प्ले ९.६ मिलिमीटर. भागून बघा: ९.६ हा ४८ चा पुन्हा पाचवा हिस्साच आहे. हालचाल आखूड झाली, ढिलेपणाचं प्रमाण तेवढंच राहिलं. आणि हाताला लागणारा जोर मात्र चौथ्या हिश्श्याने वाढला. या हिशोबामुळेच मी बुश बदलल्याशिवाय कुणालाही शॉर्ट शिफ्टर घेऊ देत नाही.

बुश बदलताना

कंपनीचा बुश मिळत असेल तर तोच घ्या. काळं, चकचकीत, नखाने दाबलं तरी न दबणारं स्वस्त रबर घेऊ नका, ते उन्हाळ्यात तडकतं.

जुन्या मॉडेलचे बुश मिळेनासे झालेत, पण सोलापूरकरांकडे एक सोय आहे. यंत्रमागांमुळे शहरात लेथवाल्यांची कमी नाही, आणि नायलॉनचे बुश करणं त्यांच्या हातातलं काम आहे. फक्त लेथवाल्या अण्णांना साधं नायलॉन न वापरता डेलरिन हे दुसरं प्लास्टिक वापरायला सांगा. नायलॉन ओलावा शोषून फुगतं, मग पावसाळ्यात लिव्हर आवळतो. डेलरिन फारच कमी फुगतं. पितळेचा बुश टिकतो खरा, पण त्यात धूळ शिरली की तो पिन खातो, आणि इंजिनची थरथर सरळ हातात येते. मी रोजच्या गाडीत पितळ टाकत नाही.

लेथवर जाताना जुना बुश आणि पिन दोन्ही न्या. पिनला व्हर्नियर लावून दोन दिशांनी मोजा. पिन एका अंगाने झिजलेली असेल किंवा तिचं भोक लांबट झालं असेल तर गोल बुश त्यात टिकणार नाही. अशा वेळी पिनही नवी करा. मापाची खूण साधी आहे: बुश पिनवर हाताने फिरला पाहिजे, पण डुलता कामा नये. फार आवळ केला तर लिव्हर न्यूट्रलला परत येत नाही. रबरी बुशला साधं ग्रीस लावू नका, रबर फुगून मऊ पडतं. सिलिकॉन ग्रीस लावा.

बुश परत का जातो

नवा बुश टाकला, काही महिन्यांत पुन्हा तेच, ही तक्रार सगळ्यात जास्त येते, आणि तिथे बुशला दोष देऊन चालत नाही. अनेक गाड्यांत रॉड सायलेन्सरच्या पाइपाच्या अगदी वरून जातो. दोघांमध्ये पातळ पत्र्याची हीट शील्ड असते. ती गंजून वाजायला लागते, कुणीतरी आवाज बंद करण्यासाठी काढून टाकतं, आणि तेव्हापासून बुश भाजत राहतो. शील्ड नसेल तर पत्रा कापून बसवून घ्या. त्याशिवाय नवा बुश टाकणं म्हणजे पैसे वाया.

दुसरं कारण फाटलेला बूट. आपल्याकडची बारीक काळी धूळ ग्रीसमध्ये मिसळली की तिची घासणारी पेस्ट होते.

तिसरं कारण इंजिनचं फाउंडेशन, आणि हे सहसा कुणी बघत नाही. लिव्हर गाडीच्या बॉडीला धरलेला असतो, गियरबॉक्स इंजिनसोबत हलतो. फाउंडेशनचं रबर फाटलं की प्रत्येक वेळी रेस देताना इंजिन झोल खातं आणि लिंकेजला ओढतं. बुशवर धक्के बसतात, गियरही सुटू शकतो. बॉनेट उघडा, हँडब्रेक घट्ट ओढा, आत बसलेल्याने ब्रेकवर पाय ठेवून दुसऱ्या गियरमध्ये क्लच अगदी थोडा, क्षणभरच सोडायचा. बघणाऱ्याने गाडीच्या पुढे उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. इंजिन ठळकपणे उचललं गेलं तर फाउंडेशन आधी, बुश नंतर.

गियर ऑइल

ऑइल बदलताना आधी भरायचा प्लग सैल करा, तो सुटतोय याची खात्री झाल्यावरच खालचा उघडा. वरचा प्लग गंजून बसला असेल आणि खालून ऑइल सोडून दिलं असेल तर गाडी जागेवरून हलणार नाही.

ग्रेड हँडबुकमध्ये लिहिलेलीच घ्या. जीएल-४ आणि जीएल-५ हे गियर ऑइलचे दर्जे. काउंटरवर जीएल-४ मागितलं आणि जीएल-५ दिलं तर घेऊ नका. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जास्त असतात, ती डिफरन्शियलसाठी चांगली आहेत, पण पितळी सिंक्रो रिंगला त्यातली काही त्रास देतात. शिवाय सिंक्रोला वेग जुळवायला घर्षण हवं असतं, ऑइल फार निसरडं असेल तर गियर घासतो. होंडासारख्या काही कंपन्यांच्या जुन्या गियरबॉक्सला वेगळंच ऑइल चालतं, तिथे अंदाज करू नका.

निघालेलं ऑइल पांढऱ्या कपड्यावर घ्या. खालच्या प्लगच्या चुंबकावर करडी पेस्ट असणं चालतं. सोनेरी चमक दिसली तर सिंक्रो झिजतोय. दाताचा तुकडा निघाला तर गाडी तिथेच थांबवा.

मग शॉर्ट शिफ्टर

एवढं झाल्यावर गाडी नीट चालवून बघा. पंढरपूरपर्यंत जाऊन या, गावातून, उतारावरून, गर्दीतून. बऱ्याच मालकांना इथे कळतं की कंपनीचा लिव्हरच छान होता. तरीही थ्रो कमी हवा असेल तर जरूर टाका, नेमका आखूड लिव्हर हातात खेळवायला मजा येते. थ्रो पाचव्या हिश्श्याने कमी करणारा पुरेसा असतो. त्याहून आखूड घेतला तर जोर वाढतो, सिंक्रोला वेग जुळवायला मिळणारा वेळ कमी होतो, आणि आधीच थकलेला दुसरा गियर लवकर घासायला लागतो. जड नॉबने मात्र खरंच मदत होते, त्याच्या वजनाने लिव्हर खाचेत सहज जातो.

लिव्हर कापून वेल्डिंग करू नका. टेकूच्या गोळ्याजवळ वेल्डिंग केलं की आजूबाजूचं लोखंड ठिसूळ होतं आणि लिव्हर पुणे हायवेवर हातात येऊ शकतो. पूर्ण लिव्हर एकाच दांड्यातून केलेला हवा. बसवल्यावर इंजिन बंद ठेवून सगळे गियर टाका आणि प्रत्येक गियर शेवटपर्यंत बसतोय, रॉड सायलेन्सरला किंवा बॉडीला लागत नाही, हे खाली जाऊन बघा.

इथे थांबा, गियरबॉक्सवाल्याकडे जा

क्लच, सांधे, फाउंडेशन, ऑइल सगळं ठीक असूनही एक गियर घासत असेल, तर पुढचं काम आतलं आहे. न्यूट्रलमध्ये क्लच सोडला की घरघर येते आणि दाबला की जाते, तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग. उलट क्लच दाबल्यावरच आवाज येतो, तर रिलीज बेअरिंग. दोन्हींसाठी गियरबॉक्स उतरवावा लागतो. त्याला प्रेस आणि पुलर लागतात, आणि वजनही असं की घरच्या अंगणात जॅकवर तोलणं धोक्याचं आहे.

गियर सुटत असेल तर गाडी तुळजापूरच्या घाटात नेऊ नका. उतारावर इंजिनचा ब्रेक अचानक गेला की सगळा भार पायातल्या ब्रेकवर येतो. एकाच वेळी दोन गियर अडकून चाकं जाम होत असतील तर गाडी चालवत नेण्याचा विचारही नको, टो करून न्या.

मेकॅनिक निवडताना त्याने त्याच मॉडेलचा गियरबॉक्स आधी उघडलाय का ते विचारा. सिंक्रो रिंग आणि बेअरिंग हातात आल्याशिवाय गियरबॉक्स उघडू देऊ नका, जुन्या गाड्यांचे भाग यायला वेळ लागतो आणि उघडा गियरबॉक्स धुळीत पडून राहतो. काढलेले जुने भाग परत मागा. आणि गियरबॉक्स खाली आलाच आहे तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील तेव्हाच बघून घ्या. उतरवण्या-चढवण्याची मजुरी त्यात आलेलीच असते, नंतर एवढ्यासाठी परत तीच द्यावी लागते.